तबकडीवरील गाणे आणि गाण्याचा इतिहास

साहित्याचा इतिहास लिहिणाऱ्यास पोथ्या असतात, शिल्पाचा इतिहास लिहिणाऱ्यास लेणी असतात. परंतु आपल्या गाण्याचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती विसावे शतक उजाडेपर्यंत कानांनी ऐकण्याजोगे असे जवळजवळ काहीच नव्हते. तानसेनाविषयी आपल्यापाशी आख्यायिका पुष्कळ आहेत. तानसेनाचा एक सूर नाही. हद्दूखाँ-हस्सूखाँच्या तानांची वर्णने आहेत, तान नाही. पुढे पंडित भातखंडे यांनी अतोनात कष्ट करून शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून ठेविल्या, हे त्यांचे उपकार विसरण्याजोगे नाहीत. परंतु स्वरलिपी हा झाला गाण्याचा सांगाडा. त्यावरून उंची-रुंदी कळते, चेहरा कळत नाही. ज्या कलेचा सारा जीव उच्चारात, मींडेत आणि समेवर येण्याच्या ढंगात, तिचा इतिहास असा केवळ ऐकीव गोष्टींवर लिहावा लागे.

ही स्थिती १९०२ साली पालटली. त्या वर्षीपासून आपले गवई तबकड्यांवर गाऊ लागले, आणि इतिहासकारास प्रथमच एक नवे साधन मिळाले. गेले काही महिने आम्ही या जुन्या ध्वनिमुद्रिका कालक्रमाने लावून ऐकत आहो. त्यांतील ज्या थोड्या सध्या आमच्या मनात घर करून राहिल्या आहेत, त्यांची ओळख वाचकांस करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे. परंतु केवळ आवडीनिवडी सांगून थांबणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. या तबकड्या ऐकता ऐकता एक प्रश्न वारंवार समोर उभा राहतो, आणि तो असा, की या साधनावर विश्वास तरी किती ठेवावा? तबकडी खोटे बोलत नाही हे खरे. पण ती सगळे सांगते काय?

आरंभ गौहरजानबाईंच्या तबकड्यांपासून करणे प्राप्त आहे. १९०२ च्या अखेरीस ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग नावाचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास उतरला आणि एका हॉटेलातील खोलीत त्याने आपली यंत्रे मांडली. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्याने एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गावयाचे. त्या आवाजाच्या आघाताने कर्ण्याच्या टोकाशी असलेला पडदा थरथरे, आणि त्यास जोडलेली सुई फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत जाई. सारंगी कर्ण्याजवळ असल्यास ऐकू येई. तंबोऱ्याचा मंद झंकार मात्र त्या यंत्राच्या कानी पडतच नसे. मान वळली, आवाज हलका झाला, तर तेवढा भाग गेलाच म्हणून समजावे. असल्या अडचणीत बसून, अवघ्या तीन मिनिटांच्या आत, १८७३ साली जन्मलेल्या या बाईंनी गाइलेले गाणे आज ऐकले म्हणजे त्यांच्या बुद्धीचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. सूर लावण्यात वेळ नाही, चाचपडणे नाही. अस्ताई, अंतरा, दोनचार लखलखीत ताना, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःच्या नावाचा ठसक्यात उच्चार. या नाव सांगण्यास अनेकजण हसतात. परंतु मूळ मेणाच्या प्रती त्या काळी जर्मनीत हॅनोवर येथे जात व तेथे तबकड्या छापून निघत. तेथील कारागिरांना कोणती तबकडी कोणाची हे कळावे, म्हणून ही योजना होती. आज मात्र ते शब्द आम्हांस निराळ्याच अर्थाने ऐकू येतात. आपल्या संगीताच्या इतिहासात, मी अमुक, मी येथे होते, असे स्वतःच्या तोंडाने सांगणारा हा अगदी पहिल्या आवाजांपैकी एक आवाज होय.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या पहिल्या तबकड्यांवर मोठमोठ्या घराण्यांचे खाँसाहेब फारसे नाहीत. आहेत त्या बहुतांशी पेशेवाईक गायिका. याचे कारण उघड आहे. आपली घराण्याची चीज तबकडीवर गेली तर ती कोणीही उचलील, आपला आवाज पानाच्या दुकानात वाजेल, अशी धास्ती प्रतिष्ठित गवयांस वाटे. ज्या बायकांच्या प्रतिष्ठेची समाजाने आधीच वासलात लाविली होती, त्यांना गमावण्यासारखे तेवढे काही नव्हते. त्यांनी नव्या यंत्राचे भय बाळगले नाही. परिणाम असा झाला, की ज्यांचे नाव सभ्य गृहस्थ घरात उच्चारीत नसत, त्यांचा आवाज त्याच गृहस्थांच्या दिवाणखान्यात पोचला. जोहराबाई आग्रेवाली (१८६८–१९१३) यांच्या ख्यालाच्या तबकड्या ऐकाव्या. त्यांतील भरदार, पुरुषी म्हणावा असा आवाज आणि चिजेची चोख मांडणी ऐकली म्हणजे, पुढे बडोद्याच्या फैयाजखाँवर या गायकीची छाप पडली असे जाणकार म्हणतात ते उगीच नव्हे हे पटते. घराण्यांच्या वंशावळी लिहिताना आपण बापाचे नाव लिहितो, काकाचे लिहितो. अशा बायकांचे नाव मात्र क्वचितच लिहितो. तबकडीने ते लिहून ठेविले.

आता या साधनाच्या मर्यादेकडे वळू. दहा इंची तबकडी मिनिटास सुमारे अठ्ठ्याहत्तर वेळा फिरे, आणि तिच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. बारा इंची असली तर चार-साडेचार मिनिटे. विलंबित ख्याल गाणारा गवई मैफलीत एक राग तासभर सहज विस्तारितो. झुमऱ्याचे अतिविलंबित आवर्तन पुरे व्हावयास पाऊण-एक मिनिट लागते. म्हणजे तबकडीच्या एका बाजूवर अशी तीन-चार आवर्तने झाली, की सुई मध्यभागी जाऊन पोचली! तेव्हा तबकडीवर जे गाणे आले ते मध्यलयीचे आणि द्रुत लयीचे आले. ठुमरी आली, भजन आले, नाट्यपद आले. सावकाश उलगडत जाणारी बढत आली नाही. तिने गाण्याची निवड केली, आणि गाण्याबरोबर गवयांचीही निवड केली.

याचे उत्तम उदाहरण किराणा घराण्याचे आहे. खाँसाहेब अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांची झिंझोटीतील ठुमरी आम्ही सध्या आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकतो. खाँसाहेब मिरजेस राहत. महाराष्ट्राने त्यांना आपले मानले होते. १९०५ च्या सुमारास कर्ण्यात गाऊन त्यांनी पहिल्या तबकड्या दिल्या होत्या. परंतु त्यांचे खरे वैभव दिसते ते विजेच्या ध्वनिमुद्रणाचा काळ आल्यावर. १९२५ नंतर मायक्रोफोन आला आणि हळू आवाजास प्रथमच किंमत आली. ज्या आवाजाचा सारा प्राण बारीक, सुईच्या अग्राप्रमाणे टोकदार अशा सुरात होता, त्या आवाजास हे यंत्र जणू ठरवून शोधून काढल्यासारखे लाभले. झिंझोटीच्या या तबकडीत खाँसाहेब घाई करीत नाहीत, हेच मोठे आश्चर्य आहे. तीन मिनिटांत जणू तीन प्रहर पडले आहेत अशा संथपणे ते सुरावर सूर ठेवितात. जोगिया आणि भैरवी यांच्या त्यांच्या तबकड्याही अशाच आहेत. गदगच्या एका मुलाने हीच झिंझोटीची ठुमरी ऐकली, आपल्यालाही असे गाता आले पाहिजे म्हणून १९३३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्याने घर सोडले, आणि पुढे तो भीमसेन जोशी या नावाने सर्व देशास ठाऊक झाला, ही गोष्ट वाचकांच्या परिचयाची असेलच. एक तबकडी एका आयुष्यास दिशा देऊ शकते, याहून तिचे सामर्थ्य आणखी काय सांगावे?

परंतु त्याच किराण्याचे दुसरे थोर गवई अब्दुल वहीदखाँ. त्यांचे गाणे सावकाश बढतीचे. एकेका सुरास गोंजारीत, त्याच्या शेजारच्या सुरांशी त्याचे सर्व नाते तपाशीत पुढे सरकणारे. त्यांनी तबकड्या दिल्या नाहीत. १९४९ साली ते निवर्तले, तेव्हा रेडिओवर गाइलेल्या थोड्याशा गाण्यावाचून त्यांचा आवाज मागे राहिला नाही. परिणाम काय झाला पहा. आज सामान्य श्रोत्यास किराणा घराणे म्हटले म्हणजे अब्दुल करीमखाँचा आर्त सूर आठवतो. वहीदखाँचे नाव घेणारे जाणकार आहेत. पण नाव घेणे निराळे आणि आवाज कानात असणे निराळे. दोघांची योग्यता मोजावयास बसण्याचे येथे प्रयोजन नाही. आमचे म्हणणे एवढेच, की दोघांपैकी कोण स्मरणात राहिला हे पुष्कळ अंशी गाण्याच्या गुणावरून ठरले नाही. ते तबकडीच्या व्यासावरून ठरले. इतिहासकाराने हा भेद ओळखला नाही, तर तो लाखेच्या कारखान्याचा इतिहास लिहील आणि त्यास संगीताचा इतिहास म्हणेल.

महाराष्ट्रात तर हे मौन अधिकच बोचते. कोल्हापूर दरबारचे अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) यांनी आपल्या प्रज्ञेने एक संबंध गायकी उभी केली. त्यांची एकही तबकडी नाही. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांनी तीन घराण्यांची विद्या एका कंठात आणली, पुण्यास १९११ साली गायनसमाज स्थापिला, 'स्वयंवरा'तील पदांना चाली दिल्या, बालगंधर्वांसारखा शिष्य घडविला. त्यांचीही तबकडी नाही. त्यांच्या पिढीतील रामकृष्णबुवा वझे यांचा जोरकस, खडा आवाज तबकडीवर आपल्यास मिळतो. भास्करबुवांविषयी मात्र ज्यांनी ऐकले त्यांनी लिहून ठेविलेल्या शब्दांवरच संतोष मानावा लागतो. आणि ज्यांनी ऐकले त्यांपैकी आता कोणी उरलेले नाही.

मग हे गाणे सर्वथा नष्ट झाले काय? येथेच आम्हांस केसरबाई केरकरांच्या तबकड्यांचे विशेष महत्त्व वाटते. गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंनी लहानपणी काही महिने अब्दुल करीमखाँपाशी धडे घेतले. वझेबुवांची आणि भास्करबुवांची तालीम त्यांना थोडथोडी मिळाली. आणि १९२१ पासून अल्लादियाखाँची कडक तालीम त्यांनी वर्षानुवर्षे घेतली. नटकामोदाची त्यांची तबकडी लावावी. तीन मिनिटांचा काल, आणि त्यात चिजेचा मुखडा, बोलांची गुंफण, एका दमात सहज उलगडत जाणारी वक्र तान, आणि प्रत्येक वेळी समेवर अशी अचूक उडी की ऐकणाऱ्याने न कळत मान हलवावी. जयपूर गायकीची लय मुळातच अतिविलंबित नाही. त्यामुळे तबकडीच्या चौकटीत तिचे हाल तितके झाले नाहीत. परंतु आम्ही ही तबकडी ऐकतो ती केवळ केसरबाईंसाठी नव्हे. त्या तानेच्या वळणात, त्या अनवट रागाच्या दोन अंगांना सांधण्याच्या रीतीत, तबकडीपुढे कधी न बसलेला एक वृद्ध गवई बोलतो आहे, ही जाणीव कानास होते. ज्याचा आवाज उरला नाही त्याची विद्या शिष्येच्या कंठात उरली. आपल्या परंपरेत तालीम हीच मूळची ध्वनिमुद्रिका होती. लाखेची तबकडी ही तिची प्रत.

याच केसरबाईंच्या एका भैरवीची कथा तर कोणाही इतिहासकारास मोह घालील अशी आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सूर्यमालेच्या पलीकडे जाण्यासाठी सोडली. प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली एक तांब्याची तबकडी बसविली आहे. तीत पृथ्वीवरील नाना देशांच्या संगीताचे सत्तावीस नमुने असून त्यांत बाख, मोझार्ट व बीथोव्हेन यांच्या रचनांबरोबर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. रॉबर्ट ब्राउन या संगीतशास्त्रज्ञाने तिची शिफारस केली होती. पहिले यान २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई मुंबईत निवर्तल्या. बाई गेल्या तेव्हा त्यांचा आवाज आकाशमार्गाने निघून थोडेच दिवस झाले होते. २०१२ साली त्यांतील एक यान सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले. ज्या गायकीच्या मूळ पुरुषाचा एक सूरही पृथ्वीवर जतन झाला नाही, त्या गायकीची भैरवी ताऱ्यांमधील पोकळीतून चालली आहे!

यावर कोणी रसिक म्हणेल, की तबकडीवरील गाणे ते गाणेच नव्हे. खरे गाणे मैफलीत. या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धे आहे. मैफलीत गवई श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून गातो. रंग भरेपर्यंत वाट पाहतो, फसलेली जागा पुन्हा घेतो. तबकडीपुढे त्यास यांपैकी काहीच नसे. त्यास मनाशी आधी ठरवावे लागे, की माझ्या या रागातून काय गाळले तर चालेल आणि काय गाळले तर राग राग राहणार नाही. हा निर्णय त्याने केला, त्याची नोंद आपल्यापाशी आहे. फैयाजखाँची जयजयवंती ऐका, नारायणराव व्यासांच्या तबकड्या ऐका. प्रत्येकाने सारभूत म्हणून जे निवडले ते निराळे आहे. एकाने बोल निवडला, दुसऱ्याने तान. तासाभराच्या गाण्यात हा भेद पसरून जातो. तीन मिनिटांत तो डोळ्यांत भरतो. म्हणून तबकडीस मैफलीचा तुकडा समजू नये. मैफल म्हणजे गवयाचा प्रवास, तर तबकडी म्हणजे त्याने दिलेली साक्ष; आणि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते, पण त्यास न्यायालयाबाहेर काढून चालत नाही.

उलटतपासणीचा एक साधा नमुना देतो. जुन्या तबकड्यांवर अठ्ठ्याहत्तर हा वेग छापलेला असला तरी सर्व तबकड्या त्याच वेगाने मुद्रित झालेल्या नाहीत. चौऱ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने कोरलेली तबकडी अठ्ठ्याहत्तरावर वाजविली, तर स्वर जवळजवळ एका अर्ध्या सुराने चढतो, तानही त्या मानाने चपळ होते आणि आवाज बारीक होतो. मग श्रोता म्हणतो, केवढा हा तयारीचा गळा! तेव्हा जुन्या गवयाच्या पट्टीवरून किंवा तानेच्या वेगावरून सिद्धांत बांधण्याआधी यंत्राचा वेग तपासणे, हे पोथीचे पाठभेद तपासण्याइतकेच आवश्यक आहे.

पुढे काळाने ही चौकट मोडली. १९४८ साली अमेरिकेत सावकाश फिरणारी, एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गाणे मावणारी तबकडी निघाली, आणि काही वर्षांनी ती आपल्याकडे आली. १९६० च्या सुमारास निघालेली अमीरखाँची (१९१२–१९७४) तबकडी आमच्याकडे सध्या वारंवार वाजते. एका बाजूस मारवा, दुसऱ्या बाजूस दरबारी. मारव्याच्या पहिल्याच सुरात सूर्य बुडाल्यानंतरची उदासी भरून येते, आणि खाँसाहेब ती उदासी कणाकणाने वाढवीत नेतात. अमीरखाँवर अब्दुल वहीदखाँच्या गायकीचा खोल परिणाम झाला होता, हे येथे आठवावे. म्हणजे जी सावकाश बढत तीन मिनिटांत मावली नाही म्हणून विस्मृतीच्या काठावर जाऊन पोचली होती, ती चौकट मोठी होताच दुसऱ्या कंठातून पुन्हा प्रकट झाली. गाणे नष्ट झाले नव्हते. त्यास जागा मिळण्याची वाट ते पाहत होते. आम्हांस ही तबकडी प्रिय आहे ती एवढ्याचसाठी नव्हे. पण हे कळल्यापासून ती अधिक प्रिय झाली आहे.

शेवटी वाचकांस एक विनंती. या जुन्या तबकड्या लाखेच्या असत. ती लाख बव्हंशी आपल्याच देशातील जंगलांतून जात असे. लाख ठिसूळ, हातून पडली की तुकडे होतात. कंपन्यांनी आपल्या मूळ प्रती सर्व जपल्या आहेत असे नाही. कित्येक गाणी आज ऐकू येतात ती कोणा संग्राहकाने जुन्या बाजारातून किंवा एखाद्या वाड्याच्या माळ्यावरून तबकडी उचलून आणली म्हणूनच. आजोबांच्या काळची पेटी घरात जागा अडविते म्हणून ती भंगारवाल्यास देण्याचा प्रसंग आज अनेक कुटुंबांवर येतो. तसा तो आल्यास पेटी देण्यापूर्वी तीतील प्रत्येक तबकडीवरील नाव व क्रमांक उतरवून घ्यावा, आणि एखाद्या संग्राहकास अथवा संगीतसंस्थेस तो कागद दाखवावा. तबकडी कोणी आणली, कोणत्या सणास घरात वाजे, आजी कोणत्या गाण्याशी थांबत असे, हेही आठवत असेल तितके त्याच कागदावर लिहावे. अल्लादियाखाँचा आवाज आपल्यास आता कोणीही परत देऊ शकत नाही. परंतु ज्यांनी आपला आवाज भरवशाने लाखेवर ठेविला, त्यांचा आपल्या हातून पुन्हा नाश होऊ नये, एवढे तरी आपल्या हाती आहे.